चाळीच्या स्मरणिकेत कोरोनाची पाने कशी लिहावीत?

वाचकाचे पत्र

‘गिरगावातील आमच्या चाळीला पुढील वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले असून मी निवृत्त शिक्षिका असल्यामुळे संपादनाचे काम माझ्याकडे आले आहे. कोरोनाकाळासाठी आठ पाने राखली आहेत आणि सगळे घोडे त्या आठ पानांवर अडले आहे. कमिटीतल्या तरुण मंडळींना त्यांनी केलेल्या मदतकार्याचा वृत्तान्त हवा आहे. काही ज्येष्ठ म्हणतात, नको त्या आठवणी, विषयच काढू नका. त्यातच दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका परिचारिकेचे प्रकरण आहे. मे २०२० मध्ये तिचे सासरे पॉझिटिव्ह निघाले, तेव्हा “हिनेच इस्पितळातून आणला” असे ठरवून त्या घराला सामायिक संडास वापरण्यास मनाई करणारी सूचना फळ्यावर लावली गेली. सासरे वाचले नाहीत. पुढच्या वर्षी ते कुटुंब खोली सोडून विरारला गेले. हे लिहावे की लिहू नये? आणि जो तो म्हणतो तसे, कोरोनाने आमची चाळ मोडली हे खरे धरून चालावे का?’

— एक वाचक, गिरगाव

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील तीन प्रश्नांची उत्तरे आधी थोडक्यात देतो आणि मग कारणांकडे वळतो. कोरोनाची पाने अवश्य लिहावीत. परिचारिकेच्या कुटुंबाला जे सोसावे लागले तेही त्या पानांत यावे, मात्र त्या कुटुंबाला विचारल्यावाचून त्यातला एक शब्दही छापू नये. ‘कोरोनाने चाळ मोडली’ हे वाक्य लोकांच्या तोंडचे म्हणून येऊ द्यावे. संपादकाचा निष्कर्ष म्हणून मात्र ते येऊ नये, कारण ते अर्धेच खरे आहे आणि उरलेले अर्धे शोधणे हेच आपल्यापुढचे खरे काम आहे.

‘विषयच नको’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याने पुन्हा त्या दिवसांत कशासाठी शिरावे? त्यांच्यावर बोलण्याची सक्ती करू नये. तरीही त्यांच्यापुढे एक गोष्ट जरूर ठेवावी. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ मांडवीत सुरू झाली, म्हणजे आपल्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर. त्या साथीमुळे १८९७ चा साथरोग कायदा झाला आणि १८९८ साली शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून हवा खेळावी म्हणून त्या ट्रस्टने काढलेला सँडहर्स्ट रोड, आताचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, आपण आजही वापरतो. अहवाल, नकाशे, मृत्यूंचे तक्ते हे सारे जपून ठेवलेले आहे. पण त्या दिवसांत एका मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी पाणी कसे भरले, आजाऱ्याला कोणी पाहिले, कोणी दार लावून घेतले, हे सांगणारे कागद फारच थोडे. १९१८ च्या मानमोडीचे, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीचे, तर विचारायलाच नको. बहुतेक घराण्यांत तिची आठवण ‘पणजोबा त्या साथीत गेले’ एवढ्या एका ओळीवर येऊन थांबते. सरकारी आकडे सरकार ठेवीलच. चाळीचे चाळीनेच ठेवावे लागते, आणि साक्षीदार हयात आहेत, स्मरण अजून ताजे आहे, तोवरच ते ठेवता येते.

मांडणीसाठी एक सोय गिरगावात आयतीच आहे. गुढीपाडव्याची शोभायात्रा हा आपल्या भागाचा अभिमानाचा विषय, आणि साथीचे सारे पर्व तीन पाडव्यांच्या मध्ये बसते. २०२० चा पाडवा २५ मार्चला आला आणि देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस होता. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता. त्याच संध्याकाळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून पंधरा दिवसांची संचारबंदी जाहीर केली. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला आला, आणि त्या दिवसापासून राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठून मास्क ऐच्छिक झाला. प्रत्येक घराला ‘तुमच्या घरी त्या तीन पाडव्यांना काय काय झाले?’ एवढेच विचारावे. पहिल्या पाडव्याला गुढीसाठी फुले कुठून आणली, गाठी मिळाल्या का, श्रीखंडाचा चक्का घरी बांधला की पुऱ्यांवरच भागवले, असल्या तपशिलांतून माणसे बोलती होतात. ‘कोरोनाने तुमचे जीवन कसे बदलले?’ असे विचारले तर मात्र वर्तमानपत्रात वाचलेली वाक्ये परत ऐकू येतील. ती छापण्यात कागद वाया जाईल.

स्मृतीबाबत एक सावधगिरी बाळगावी. लोकांच्या बोलण्यात पहिली आणि दुसरी लाट एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. पहिल्या लाटेची भीती अज्ञाताची होती: दुधाच्या पिशव्या साबणाने धुणे, वर्तमानपत्र बंद करणे, आलेल्या नोटेला इस्त्री करणे, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवणे. दुसऱ्या लाटेत, म्हणजे एप्रिल-मे २०२१ मध्ये, भीती ओळखीची झाली होती आणि चिंता खाट, ऑक्सिजन, रेमडेसिविर यांची होती; तोवर साठ वर्षांवरच्या अनेकांनी लसीचा पहिला डोसही घेतला होता, कारण त्यांचे लसीकरण १ मार्च २०२१ पासून सुरू झाले होते. पत्रे ठोकून रस्ता बंद केला तो कोणत्या वर्षी, बंद झाली ती पूर्ण इमारत की एक मजला, हे प्रत्येक आठवणीपुढे नोंदवावे. कोणाला वर्ष आठवत नसेल तर लोकलच्या खुणेवर विचारावे, कारण गिरगावच्या माणसाला चर्नी रोडची गाडी पक्की आठवते: २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली, १५ जूनला ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांपुरती सुरू झाली, १ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली, एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली, आणि दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून पुन्हा गाडीत चढता आले.

आठवणींच्या जोडीला कागद हवा. चाळ कमिटीचे इतिवृत्ताचे पुस्तक, वर्गणीच्या पावत्या, दूधवाल्याचा हिशेब, किराणा दुकानाची उधारीची वही, व्हॉट्सअॅपच्या गटावरचे त्या महिन्यांतले संदेश, हे सारे गोळा करावे. चाळीचा गट कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये पडून असेल आणि तो फोन उद्या बिघडेल, म्हणून हे काम आधी करावे. मी स्मरणिकांच्या संपादनात पुष्कळ काळ घालवला आहे. माझा अनुभव असा, की गौरवपर लेख कोणी वाचत नाही, पण एखाद्या जुन्या सूचनेचे जसेच्या तसे छायाचित्र छापले तर लोक ते भिंग लावून वाचतात. गॅलरीच्या टोकाला चिकटवलेले संडासाचे वेळापत्रक आठवा: अमुक ते अमुक क्रमांकाच्या खोल्यांनी सकाळी साडेपाच ते सहा, पुढच्यांनी सहा ते साडेसहा, प्रत्येकाने जाताना नळाला आणि कडीला जंतुनाशक लावावे, खाली पेनाने कोणीतरी घातलेली ‘वृद्धांना वेळेचे बंधन नाही’ ही भर, आणि तिच्याखाली दुसऱ्या अक्षरातले ‘मग आम्ही काय करायचे?’ असा एक कागद कोणाच्या फोनमध्ये सापडला, तर आठांतले एक पान त्यालाच द्यावे. तिसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून खाली सोडणे आणि भाजीवाल्याने तीत पैशांच्या हिशेबाची चिठ्ठी घालून ती परत पाठवणे, हेही आपल्याकडे झालेच असेल. त्यातली एक चिठ्ठी मिळाली तर त्या महिन्यांतला कांद्याचा भावही कळेल.

आता चाळ मोडली का, या प्रश्नाकडे येतो. याचे उत्तर आपल्याला घरबसल्या काढता येईल. एका मोठ्या कागदावर प्रत्येक खोलीसाठी एक ओळ आखावी. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे कोण राहत होते आणि आज कोण राहते, एवढे दोन रकाने भरावेत. तिसऱ्या रकान्यात, बिऱ्हाड हलले असेल तर कधी आणि कशामुळे, ते लिहावे. माझा अंदाज असा, की हलल्याची बरीच कारणे साथीच्या आधीची निघतील. गिरगावातला मराठी माणूस दादर, पार्ले, बोरिवली, डोंबिवलीकडे सरकू लागला त्याला कित्येक दशके झाली. मुलांचे संसार एका खोलीत मावेनासे झाले, पागडीच्या खोल्यांचे व्यवहार होत राहिले, पुनर्विकासाच्या बैठका सुरू झाल्या, मराठी शाळांचे पट उतरत गेले. मेट्रो तीनच्या गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठी आजूबाजूच्या इमारती रिकाम्या झाल्या त्याही कोरोनाच्या आधीच. या साऱ्याचे बिल साथीच्या नावावर फाडणे सोयीचे असते, कारण साथीशी भांडता येत नाही. मालक, विकासक, महापालिका आणि आपण स्वतः, यांच्याशी मात्र भांडावे लागते.

तरीही साथीने काही गोष्टी खरोखरच बदलल्या, आणि त्या वेगळ्या काढून दाखवल्या पाहिजेत. चाळीत सकाळी उघडलेले दार रात्रीच मिटत असे. त्या काळात दारे दिवसाही मिटू लागली आणि त्यांतली किती पुन्हा उघडली, हे गॅलरीतून एक फेरी मारली की कळेल. घरगुती खानावळ चालवणाऱ्या एखाद्या काकू आपल्याकडे असतील, तर त्यांची हकीगत सविस्तर घ्यावी. डबेवाल्यांची सेवा मार्च २०२० मध्ये थांबली, कचेऱ्या बंद झाल्या, घरून काम सुरू झाले. रोजचे डबे एका आठवड्यात शून्यावर आले आणि नंतर कचेऱ्या उघडल्या तरी पूर्वीचे सगळे गिऱ्हाईक परतले नाही. त्यांनी मधल्या काळात काय केले? चकली-चिवडा करून सोसायट्यांतल्या गटांवर विकला, की चूल बंद ठेवून मुलाच्या पगारावर भागवले, की तो पगारही अर्धा झाला होता? दहा बाय बाराच्या खोलीत वडिलांची ऑनलाइन बैठक, मुलीचा ऑनलाइन वर्ग आणि आजीची पोथी एकाच वेळी कशी चालली, हे ती मुलगी, जी आता महाविद्यालयात असेल, तिच्याच शब्दांत यावे. घरात फोन एकच असेल तर वर्गाला कोण बसले आणि कोण राहिले, हा प्रश्न टाळू नये. बहुधा धाकटे राहिले असेल, किंवा मुलगी.

कोकणात गेलेल्यांचे एक वेगळेच प्रकरण होईल. गिरगावातल्या अनेक चाळींची मुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहेत, आणि त्या वर्षी गावाने चाकरमान्याला वेशीवर थांबवले. कोणी शाळेच्या वर्गात दिवस काढले, कोणाला स्वतःच्या घराच्या पडवीत जेवण वाढले गेले, कोणी गणपतीच्या कितीतरी आधी निघून विलगीकरण पुरे केले आणि मग मूर्ती घरात आणली. मुंबईत आपण एका घराशी जे वागलो, तेच गावात आपल्याशी घडले, हे दोन्ही अनुभव घेतलेली माणसे चाळीत नक्कीच सापडतील. त्यांना दोन्हींबद्दल एकाच बैठकीत विचारावे. चाळीच्या उत्सवाचेही लिहावे, पण थोडक्यात. २२ ऑगस्ट २०२० च्या गणेशचतुर्थीला सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती. तिचे पालन आपल्याकडे कसे झाले, आरतीला किती जण होते आणि त्या वर्षीच्या वर्गणीचे काय केले, एवढे पुरे. १८९३ पासूनची परंपरा आणि तिची थोरवी स्मरणिकेच्या इतर पानांत येणारच आहे.

आता त्या परिचारिकेविषयी. आपण ‘लिहावे की लिहू नये’ असे विचारता, पण पत्र वाचताना मला जाणवले ते असे, की लिहायचे हे आपल्या मनाने ठरवले आहे आणि कमिटीपुढे ठेवायला आपल्याला कारणे हवी आहेत. ती देतो.

पहिली गोष्ट, ‘हिनेच आणला’ हे वाक्य निवेदन म्हणून कोठेही छापू नये, कारण ते सिद्ध होण्यासारखे नाही. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या तीन वॉर्डांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे तीत आढळले, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे मे-जूनच्या सुमारास हा विषाणू किती घरांतून काही लक्षण न दाखवता ये-जा करून गेला, ते कोणालाच ठाऊक नव्हते. दूध आणायला गेलेला, रेशनच्या रांगेत उभा राहिलेला, मदतीचे किराणा पुडे वाटत फिरलेला, कोणीही तो आणलेला असू शकतो. परिचारिकेची चाचणी झाली, तिच्या घरच्यांची झाली, म्हणून ते सापडले. ज्यांची चाचणीच झाली नाही ते निर्दोष ठरले. कमिटीत कोणी हे वाक्य छापण्याचा आग्रह धरील, त्यांना या आकड्यांची आठवण करून द्यावी.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. सूचना लावणाऱ्यांना आज खलनायक करणे सोपे आहे आणि तेही अन्यायाचे होईल. सामायिक संडासांची भीती निराधार नव्हती. त्याच पाहणीच्या वेळी झोपडपट्टीतल्या अधिक संसर्गाचे एक संभाव्य कारण म्हणून दाटीबरोबर सामायिक संडास आणि नळ यांचा उल्लेख झाला होता. हवेतून होणाऱ्या संसर्गाबद्दल जागतिक आरोग्य संघटनाही २०२१ च्या एप्रिलअखेरीपर्यंत स्पष्ट बोलत नव्हती. त्यामुळे वाचकाला दोन गोष्टी निरनिराळ्या कळाव्यात: त्या दिवशी चाळीला काय ठाऊक होते, आणि आज काय ठाऊक आहे. मात्र एवढे मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. भीती खरी होती, म्हणून त्यावर तोच एक उपाय होता का? एक संडास त्या मजल्यावरच्या बाधित घरासाठी राखून ठेवता आला असता, वेळ वेगळी देता आली असती, महापालिकेकडून दिवसातून अधिक वेळा फवारणी मागता आली असती. घरात मोरीशिवाय काही नसलेल्या कुटुंबाला, ज्यात एक आजारी म्हातारा माणूस होता, संडास बंद म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार सूचना लिहिणाऱ्याने केला नव्हता. हे लेखात एका वाक्यात, विशेषणे न लावता यावे. वाचणाऱ्यांतले अर्धे जण त्या दिवशी हजर होते. त्यांना विशेषणांची गरज पडणार नाही.

कायद्याची बाजूही आपल्याला माहीत असावी; ती छापायलाच हवी असे नाही. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमाने साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवेतील व्यक्तींवरील हिंसा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरली होती, आणि राहण्याच्या किंवा कामाच्या परिस्थितीवर परिणाम करून सेवेत अडथळा आणणारा छळही त्या व्याख्येत होता. म्हणजे ती सूचना फळ्यावर लागली तेव्हा हा वटहुकूम अमलात आलेला होता. ज्या शहराने पाचच्या ठोक्याला परिचारिकांसाठी थाळ्या वाजवल्या त्याच शहरात तो आणावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या चाळीत घडले ते काही जगावेगळे नव्हते, एवढे तरी समजते. जगावेगळे नव्हते म्हणून क्षम्य ठरते, असे मी म्हणत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की ही हकीगत मुळात त्या कुटुंबाची आहे. ती लिहिण्याचा पहिला अधिकार त्यांचा, आपला नंतर. फोनवर बोलू नये. आपण स्वतः विरारला जावे, आणि शक्यतो एकटीने, कारण कमिटीचे शिष्टमंडळ दारात उभे राहिले की तो माफीनाम्याचा कार्यक्रम होतो आणि समोरच्याला नाइलाजाने ‘जाऊ द्या हो, झाले गेले’ म्हणावे लागते. पहिल्या भेटीत वही काढू नये. स्मरणिका निघते आहे, कोरोनाकाळाविषयी लिहायचे आहे, आणि तुमच्याविषयी काय लिहावे किंवा लिहूच नये हे तुम्ही ठरवावे, असे सांगून उठावे. त्यांनी नको म्हटले तर तो विषय तिथेच सोडावा. मग स्मरणिकेत फक्त एवढे छापावे, की त्या काळात चाळीने एका घराला सामायिक सोयी नाकारल्या आणि कमिटीला त्याचा खेद आहे. खोली, मजला, व्यवसाय, वर्ष यांपैकी काहीही त्यात देऊ नये, कारण चाळीत एवढ्याशा खुणेवरूनही माणूस ओळखता येतो. त्यांनी होकार दिला तर त्यांच्याच शब्दांत, त्यांनी तपासून दिलेला मजकूर छापावा. त्या बाईंना कदाचित सूचनेविषयी बोलायचेच नसेल. त्या महिन्यांत लोकल बंद असताना त्या कामावर कशा पोहोचत होत्या, वॉर्डात पीपीई चढवून किती तास पाणी न पिता काढावे लागत, घरी आल्यावर कपडे कुठे भिजवत, याविषयी बोलायचे असेल. त्यांना जे सांगावेसे वाटेल तेच चाळीच्या इतिहासात जाईल. आपल्याला फक्त सूचनेची हकीगत हवी होती म्हणून उरलेले गाळू नये.

कमिटीतून विरोध होईल, हे धरून चालावे. ‘सूचनेवर सही कोणाची होती’ हा प्रश्न निघेल आणि सही करणारे गृहस्थ हयात असतील तर बैठक तापेल. सही छापू नये. पण त्या गृहस्थांनाही भेटावे, आणि त्यांच्या घरी त्या दिवशी कोण कोण होते, दम्याची आई होती की तान्हे मूल, हे विचारावे. त्यांची बाजू त्यांच्या तोंडून आली, तर लेखाला वजन येईल आणि बैठकीतला धूरही खाली बसेल.

तरुण मंडळींच्या मदतकार्याला अवश्य जागा द्यावी; त्यांनी त्या दिवसांत जिन्याच्या ज्या पायऱ्या झिजवल्या त्यांचे मोल आहे. फक्त वृत्तान्ताची तऱ्हा बदलायला सांगावी. कोणी किती किराणा वाटला याच्या याद्यांऐवजी, धान्य कुठून मिळाले, ऑक्सिमीटर किती होते आणि ते कोणत्या क्रमाने घरोघर फिरले, रात्री दोन वाजता रुग्णवाहिका न मिळाल्यावर काय केले, वॉर्डच्या वॉर रूमला फोन लावल्यावर किती वेळाने उत्तर मिळाले, हे लिहायला सांगावे. ज्या घरांनी मदत घेतली त्यांची नावे कोणत्याही परिस्थितीत छापू नयेत, छायाचित्रांतूनही नाहीत. तसेच चाळीत कधी न राहिलेल्या, पण चाळ ज्यांच्यावर चालत होती अशा माणसांकडे त्यांनी जावे: कामाला येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला, संडास साफ करणारा कामगार, मेनंतर श्रमिक गाडीने गावी गेलेला दूधवाला. मावशींना त्या महिन्यांचा पगार किती घरांनी दिला, हा एक प्रश्न विचारला तरी चाळीच्या स्वभावाविषयी बरेच काही कळेल, आणि उत्तर फार उजळ नसेल याची तयारी ठेवावी.

श्रद्धांजलीच्या पानावरून वाद होण्याची शक्यता आहे, म्हणून आधीच सांगतो. ‘कोरोनाने गेलेले’ असे शीर्षक देऊ नये. कोणाचा अहवाल पॉझिटिव्ह होता आणि दाखल्यावर कारण वेगळे होते. कोणाचे डायलिसिस चुकले. कोणाला इस्पितळांची भीती वाटली म्हणून छातीतले दुखणे अंगावर काढले गेले. सरकारी मदतीचे पन्नास हजार मिळवताना याच दाखल्यांपायी किती कुटुंबांनी खेटे घातले, ते आपल्यालाही ठाऊक असेल. स्मरणिकेने तो न्यायनिवाडा पुन्हा करू नये. मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळात चाळीतून गेलेल्या सर्वांची नावे, नातेवाइकांची संमती घेऊन, वयासह एकाच यादीत द्यावीत. वीस माणसांच्या मर्यादेमुळे ज्यांच्या अंत्ययात्रेला चाळ जाऊ शकली नाही, त्यांच्याविषयी शेजाऱ्यांनी दोन-दोन ओळी लिहिल्या तर त्या नावापुढे छापाव्यात.

आठ पानांची वाटणी माझ्या मते अशी होईल: तीन पाडव्यांच्या हकिगतींना तीन, खोल्यांच्या तक्त्यावरून काढलेल्या मजकुराला एक, सूचना आणि वेळापत्रकांच्या छायाचित्रांना एक, मदतकार्य आणि कामगारांना मिळून एक, विरारच्या कुटुंबाला एक आणि श्रद्धांजलीला एक. कुटुंबाने नकार दिला तर ते पान मावशींना द्यावे. विरारची भेट मात्र सर्वांत आधी घ्यावी आणि त्यांचे उत्तर कळेपर्यंत कमिटीपुढे या विषयाचा मसुदा ठेवू नये. कमिटीत आलेला कागद त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर फिरतो, आणि त्या घराला तो दुसऱ्या कोणाकडून कळणे बरे नव्हे.

आपला,
सदरलेखक